पडसे नाकाला, ठणका कानाला
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत कान-नाक-घसा विभागातर्फे केलेले भाषण)



पावसाळा सुरू झाला की आमच्या विभागाबाहेरील बाकांवर एकच प्रश्न ऐकू येतो : "पडसे झाले नाकाला, मग कान का ठणकतो? गिळताना जिभेचे मूळ का दुखते?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर घरोघरी ठाऊक असावे, म्हणून आज आम्ही हा विषय निवडला.

नाक, कान आणि घसा ही वरवर पाहता निराळी इंद्रिये. आतून मात्र ती एकाच वाड्यातील बिऱ्हाडे आहेत. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातून एक अरुंद नळी मध्यकर्णापर्यंत जाते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनातज्ज्ञ युस्टाची यांच्या नावाने ती ओळखली जाते. प्रौढांत तिची लांबी सुमारे ३५ मिलिमीटर असते. पडशात ती सुजली, की मध्यकर्णात हवा पोहोचत नाही, पडदा आत ओढला जातो, कानात दडे बसतात आणि ठणका लागतो. लहान मुलांत ही नळी आखूड व अधिक आडवी असल्याने जंतूंना कानाची वाट सोपी होते.

दुसरे कारण मज्जातंतूंचे. जिभेचा मागील एक तृतीयांश भाग, टॉन्सिल, घसा आणि मध्यकर्ण यांची संवेदना मुख्यतः मेंदूचा नववा मज्जातंतू वाहून नेतो. निरोप एकाच वाटेने आल्याने मेंदूची गफलत होते. दुखते घशात आणि कळ उमटते कानात.

पडसे विषाणूंमुळे होते आणि बहुधा ७ ते १० दिवसांत आपोआप ओसरते. त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या पुरेशा असतात. कानात तेल मात्र घालू नये. पडद्याला छिद्र असल्यास ते अपायकारक ठरते.

तथापि, तीन प्रसंगी विलंब करू नये. मुलाचा कान वाहू लागला, ताप उतरेना किंवा त्याला कमी ऐकू येऊ लागले, तर तपासणी करून घ्यावी. ५ ते १५ वर्षांच्या मुलाला खोकला-पडसे नसताना घसादुखी, ताप आणि मानेत दुखऱ्या गाठी असतील, तर तो स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग असू शकतो. त्यावर योग्य उपचार न झाल्यास पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होण्याचा धोका असतो. येथे प्रतिजैविके आवश्यक असून, ती सांगितलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण घ्यावीत.

तिसरा प्रसंग सर्वांत गंभीर. पडसे जाऊन तीन आठवडे झाले, तरी एकाच बाजूचा कान दुखतो, गिळताना त्रास होतो आणि कान तपासला तर निर्दोष दिसतो; अशा वेळी, विशेषतः तंबाखू वा गुटख्याचे व्यसन असल्यास, जिभेच्या मुळाशी किंवा घशात कर्करोग नाही ना, हे पाहावेच लागते. "सर्दीचेच आहे, जाईल" या एका वाक्यात हाताशी असलेला मोलाचा काळ निघून जातो.

आपल्या दानातून येथे यंत्रे येतात, औषधे येतात. पण रुग्णाला वेळेवर दारापर्यंत आणण्याचे काम घरच्या माणसांचेच. आज ऐकलेले चार शब्द आपण शेजारीपाजारी सांगावेत, एवढीच आमची विनंती.