शहराचे अंदाजपत्रक आणि आपली गाडी

(नाशिक येथील जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणावरून)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही असे म्हटल्याबरोबर मागे कुजबुज झाली, ती मला इथपर्यंत ऐकू आली. मालेगाव, नांदगाव, येवल्याकडून माणसे भाड्याच्या गाड्या करून आली आहेत. कापूस घरात पडून आहे, ज्वारीचे काय होणार याचा पत्ता नाही, आणि हा माणूस आम्हाला नाशिक महापालिकेचे अंदाजपत्रक सांगणार! ज्या गावात आपले मत नाही, त्या गावाच्या जमाखर्चाशी आपला संबंध काय?

संबंध आहे. मत नसले तरी पैसा आपला आहे.

दोन वर्षांमागची गोष्ट. एका नगरपालिकेच्या आठवडे बाजारात मी घरची तूरडाळ आणि थोडी ज्वारी घेऊन बसलो होतो. नगरपालिकेचे नाव सांगत नाही, कारण अशी एकच असती तर सांगितले असते. वसुलीवाला आला, चाळीस रुपये घेतले आणि पावती दिली. पावतीवर आकडा नव्हता. विचारले, दर किती? तो म्हणाला, ठेका घेतलाय. म्हटले, ठेका तू घेतलास, दर कोणी ठरवला? हा प्रश्न त्याला यापूर्वी कोणी विचारलेला दिसला नाही. तो पुढच्या बाईकडे गेला. तिच्याकडे मेथीच्या वीस जुड्या होत्या. तिच्याकडूनही चाळीसच घेतले.

त्या दिवसापासून मी हा दर कोण ठरवते याच्या मागे लागलो. जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना जकात नाके आठवत असतील. गाव संपले की बांबू आडवा. बैल उन्हात उभे, धनी खिडकीशी. कोणत्या मालावर किती, हे नगरपालिकेगणिक वेगळे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातही ही तक्रार आहे. शेतकरी माल घेऊन शहरात जातो, म्युनिसिपालटी जकात कापते, आणि घरी परतताना त्याच्या हाती काही उरत नाही. म्हणजे हे दुखणे शंभर वर्षांहून जुने. व्यापारी जकात भरतो असे म्हणायची रीत होती. व्यापारी स्वतःच्या खिशातून कधीच काही भरत नसतो. विकताना ती गिऱ्हाइकावर टाकतो आणि घेताना शेतकऱ्याच्या भावातून कापतो.

१९९९ साली नगरपालिकांची जकात गेली. तिच्या बदल्यात सरकार त्यांना सहायक अनुदान देऊ लागले. महापालिकांची जकात मात्र चालूच राहिली. नाशिकमध्ये २०१३ साली तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. त्याला सगळे एलबीटी म्हणत. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बाजार बंद ठेवले, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवरची एलबीटी माफ झाली. व्यापाऱ्याने बाजार बंद ठेवला की सरकारला लगेच कळते, हा धडा आपण घेण्यासारखा आहे. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि सगळेच नाके गेले.

नाका गेला, बांबू उचलला, गाडी सरळ शहरात जाते. पण शहराचे पैसे बंद झाले काय? नाही. राज्याने त्याच वर्षी कायदा केला. महापालिकांचे जे उत्पन्न बुडाले ते राज्याच्या तिजोरीतून भरून द्यायचे, २०१६-१७ हे वर्ष धरून दरसाल ८ टक्के चक्रवाढीने. ही भरपाई आज नाशिक महापालिकेच्या जमेची मोठी बाब आहे. तिजोरीत पैसा येतो कुठून? तुम्ही दुकानातून रासायनिक कीटकनाशकाची बाटली आणता, तिच्यावर १८ टक्के जीएसटी. व्यापाऱ्याला आधी भरलेला कर वळता करून मिळतो. शेतकऱ्याची नोंदणी नाही, त्याला काही वळते होत नाही, तो शेवटचा गिऱ्हाईक. म्हणजे नाका आता गावाच्या शिवेवरून उठून बाटलीच्या झाकणात जाऊन बसला आहे. तिथे बैल उभे करावे लागत नाहीत, एवढाच आराम.

आता एक हिशेब करू. ८ टक्के चक्रवाढीने २०१६-१७ चे १०० रुपये २०२५-२६ मध्ये जवळजवळ २०० होतात. आपल्या मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१६-१७ ला क्विंटलला ३,८६० रुपये होता, २०२५-२६ ला ७,७१० जाहीर झाला. तोही जवळजवळ दुप्पट! मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा माझाच हिरमोड झाला. मला वाटले होते, शहराचे वाढले आणि आपले कमी वाढले असे ठणकावून सांगता येईल. कागदावर तसे नाही, आणि खोटे मी तुम्हाला सांगणार नाही. फरक दुसरीकडे आहे. महापालिकेची भरपाई कायद्याने बांधलेली आहे, ती महिन्याच्या हप्त्याने खात्यावर जमा होते. आपला हमीभाव खरेदी केंद्र उघडले तर, नोंदणी झाली तर, ओलावा बसला तर. केंद्र उघडायच्या आत देणेकऱ्याने दार वाजवले की कापूस मिळेल त्या भावाने जातो. हमी दोघांनाही दिली आहे, पण पाळली जाते ती एकाचीच.

तर हा पैसा शहरात गेल्यावर त्याचे काय करायचे, हे कोण ठरवते? महापालिकेत आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात आणि स्थायी समितीपुढे ठेवतात. या समितीत १६ सदस्य. तिथून ते महासभेत जाते. कराचे दर महासभेने २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे, असे कायदा सांगतो. २० फेब्रुवारीला तुम्ही कुठे असता? शेवटच्या वेचणीत, नाहीतर ज्वारीच्या काढणीत. नगरपालिकांमध्ये पद्धत थोडी वेगळी, पण हंगाम तोच.

नाशिकमध्ये तर मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. त्या काळात अंदाजपत्रक प्रशासकाने करायचे आणि प्रशासकानेच मंजूर करायचे. वादही नाही आणि प्रतिवादही नाही. नगरसेवक असताना सगळे चोख चालत होते असे मी म्हणत नाही. पण निदान एक माणूस उभा राहून आरडाओरडा करत होता, आणि तो दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येत होता.

कायद्याने महापालिकेची कामे दोन प्रकारची धरली आहेत. काही केलीच पाहिजेत: पाणी, गटार, दिवाबत्ती, सफाई. काही केली तर चालतील: प्रदर्शने, खेळ, करमणूक आणि तसले. पहिल्या प्रकाराला पैसा पुरत नाही असे दरवर्षी ऐकू येते. दुसऱ्याला पुरला नाही असे मी अजून ऐकलेले नाही.

इथे पुन्हा फुल्यांची आठवण काढतो. फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे म्युनिसिपालटीचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये मंजूर करावेत असा ठराव आला. ३२ सभासदांपैकी एकट्या फुल्यांनी विरोध केला. म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या. ठराव अर्थातच मंजूर झाला. पुढे मोठी मंडई बांधायचे निघाले, त्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. आज त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव आहे! माणूस गेल्यावर त्याच्या विरोधाचीही शोभेची वस्तू करता येते.

आता सिंहस्थ. हा विषय काढला की लोक म्हणतात, तुम्ही देवाधर्माच्या विरुद्ध. तसे काही नाही. या मंडपातल्या कितीतरी बाया रामकुंडावर जाऊन आल्या असतील, माझी आईही गेली होती. बारा वर्षांनी लाखो माणसे येतात, त्यांना रस्ते, घाट, पाणी, संडास लागणारच. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ माणसे मेली. त्यातली बरीचशी आपल्यासारखीच पायी चालणारी असणार. माणसे सुखरूप घरी जावीत म्हणून होणाऱ्या खर्चाला कोण नाही म्हणेल?

माझे म्हणणे तपोवनाबद्दल आहे. साधुग्रामासाठी तिथे जे आरक्षण आहे, त्यात शेतकऱ्यांच्या जमिनी आहेत. सिंहस्थ आला की जमीन भाड्याने घ्यायची, मुरूम टाकायचा, तंबू ठोकायचे. सोहळा वर्षभराचा, पण आरक्षण बाराही वर्षांचे. विकायला गेले तर गिऱ्हाईक नाही, बांधायला गेले तर परवानगी नाही, आणि मुरूम पडलेल्या रानात पीक धरत नाही. उत्सव सगळ्या देशाचा आणि त्याचा बोजा थोड्या घरांच्या सातबाऱ्यावर. नगररचना कायद्यात १२७ वे कलम आहे. दहा वर्षांत जमीन संपादन केली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या ठराविक मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते. किती जणांना हे माहीत आहे? हात वर करा. पाहिलेत? २०२५ साली सरकारने पुढच्या सिंहस्थासाठी स्वतंत्र प्राधिकरण काढले, म्हणजे विचारायला जायचे दार आणखी एक झाले. त्याच वर्षाच्या शेवटी तपोवनातली झाडे तोडण्यावरून शहरातली माणसे रस्त्यावर आली. त्यांचे चुकले असे नाही. झाडासाठी बोलणारे शहरात आहेत. बांधावरच्या माणसासाठी आपणच बोलायचे आहे.

पाण्याचेही तेच. २०१५ हे दुष्काळाचे साल. त्या साली रामकुंडात स्नानाला पाणी असावे म्हणून गंगापूर धरणातून पाणी सोडण्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. खाली मराठवाड्यात तेव्हा जनावरे छावणीला बांधलेली होती. यावर जास्त बोलत नाही. ज्यांनी त्या साली कडबा विकत घेतला त्यांना सांगायची गरज नाही.

आता परवान्याकडे येतो, म्हणजे माझ्या चाळीस रुपयांकडे. २०१६ साली राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. शेतकऱ्याने थेट शहरात विकावे म्हणून आठवडे बाजारांचे अभियान निघाले. कानाला गोड लागले. पण शहरात जागा कोणाची? रस्त्यावर बसणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. कायदा वाईट नाही, फेरीवाल्याला त्यात चांगले संरक्षण आहे. विक्रेत्यांची समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे. मात्र प्रमाणपत्र घेताना लिहून द्यावे लागते की, मला पोट भरायचे दुसरे साधन नाही. आठवड्यातून एक दिवस मूग-मटकी घेऊन येणारा शेतकरी हे कसे लिहून देणार? त्याच्या नावावर सातबारा आहे. त्या सातबाऱ्यावर पोट भरत नाही म्हणून तर तो फुटपाथवर आला. पण कायद्याच्या लेखी ते साधनच! म्हणजे बाजार समितीतून सुटला आणि अतिक्रमणाच्या गाडीखाली आला.

त्याच कायद्यातल्या दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पूर्वापार जिथे बाजार भरतो, त्या जागेला कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो आणि शहराची योजना करताना तिचा मान राखायला सांगतो. नाशिकच्या गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार कालचा नाही. आपल्या तालुक्यांच्या गावचे बाजारही कालचे नाहीत. तेव्हा बाजारतळ कुठे हलवायचा हे आपल्याला न विचारता ठरत असेल, तर लेखी हरकत घ्या. दुसरे, विक्रेत्याचा माल उचलला तर त्याची यादी द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी आणि टिकाऊ माल दोन कामाच्या दिवसांत परत द्यायचा असतो. भाजीची पाटी उचलून नेली आणि चौथ्या दिवशी या म्हणाले, तर ते बेकायदा आहे.

तर करायचे काय? मोर्चा काढा असे मी आज म्हणत नाही. वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाही, मोर्चाला येणार कोण? पण प्रत्येक तालुक्यातून दोन माणसे मिळाली तरी पुरे. त्यातली एक बाई असावी, कारण बाजारात पाटी घेऊन बसते ती बाई आणि वसुलीवाल्याशी भांडते तीच. या दोघांनी आपापल्या नगरपालिकेत जायचे, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा आणि तीनच कागद मागायचे: चालू वर्षाचे अंदाजपत्रक, बाजारवसुलीच्या ठेक्याचा करारनामा, आणि मंजूर दरपत्रक. करारनाम्यात ठेक्याची रक्कम असते. बाजाराचे बावन्न आठवडे, बसणारे विक्रेते आणि मंजूर दर यांचा गुणाकार करायला पाचवीचा पोर पुरतो. मग त्याच अंदाजपत्रकात बाजारतळावर खर्च किती ते पाहायचे. पाण्याची टाकी आहे का, बायांना संडास आहे का, पावसाला छप्पर आहे का. जमा आणि खर्च शेजारी शेजारी लिहा आणि बाजाराच्या दिवशी बाजारातच फळ्यावर लावा.

नगरसेवक तुमच्या दारात येणार नाही, कारण तुमचे मत त्याच्या यादीत नाही. पण त्याच्या मतदाराला तुमचीच ज्वारी लागते. फळा तोही वाचेल.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे बाजारवसुलीच्या पावत्या असतील त्यांनी त्या घेऊन याव्यात. कोऱ्या असल्या तरी आणाव्यात.