तुंबलेली गटारे, यंत्र आणि कामगारांची सुरक्षितता
(सफाई कामगारांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)

आपल्यासमोर ठेवलेले हे यंत्र तुमच्यापैकी काहींनी चालविले असेल, काहींनी केवळ दुरून पाहिले असेल. एक विजेची मोटर, एक फिरता ड्रम आणि त्यात गुंडाळलेली स्प्रिंगसारखी लवचीक पोलादी केबल, एवढाच याचा पसारा. मोटर सुरू झाली की केबल स्वतःभोवती फिरू लागते. तिच्या टोकाला बसविलेले पाते नळातील चिंध्या, केस, साचलेली चरबी, झाडांची मुळे कापीत अथवा गुंतवून घेत पुढे सरकते.

पूर्वी हे काम बांबूच्या कामट्यांनी होत असे, आणि कामट्या हरल्या की माणूस खाली उतरत असे. खाली काय असते हे तुम्हांस मी सांगावयास नको. कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो तळाशी साचतो. त्याचे प्रमाण फार वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ज्याला वास येईनासा झाला, तो धोका टळला असे समजतो आणि तेथेच फसतो. त्याला वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही अनेकदा परत येत नाही.

म्हणूनच २०१३ च्या अधिनियमाने गटारे व मैलाटाक्यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसास कामाला लावण्यास मनाई केली. गटारातील मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये भरपाई ठरविली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख करण्यात आली. परंतु भरपाईने घरातील कर्ता माणूस परत येत नाही. यंत्राचे मोल आपण या दृष्टीने ओळखले पाहिजे.

यंत्र आले म्हणजे धोका संपला, असे मात्र नव्हे. केबलचे टोक नळात अडकले आणि मोटर फिरतच राहिली, तर केबलमध्ये पीळ साठत जातो. हा पीळ एकाएकी सुटतो, केबल वळसे घेते आणि त्या वळशात हात सापडला तर बोटे अथवा मनगट मोडते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीची मांडणी ही निम्मी सुरक्षितता होय.

प्रथम जागा पाहावी. यंत्र सपाट व कोरड्या जमिनीवर, नळाच्या तोंडापासून दीड-दोन फुटांच्या आत ठेवावे. अंतर अधिक असेल तर मधली केबल उघड्यावर फिरून फटकारे मारते. ती पाइपमधून न्यावी. घरमालकाने आधी नळात ॲसिड किंवा तत्सम औषध ओतले आहे काय, हे न चुकता विचारावे. ओतले असल्यास यंत्र लावू नये. फिरत्या केबलबरोबर ते तोंडावर उडते.

नंतर वीज. तीन पिनांची वायर, पक्के अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर या तिन्हींवाचून यंत्र जोडू नये. ब्रेकरवरील चाचणीचे बटण दाबून तो पडतो की नाही, हे रोज पाहावे. वायरला सांधे नसावेत. ओल्या हातांनी प्लग लावू नये.

तिसरी गोष्ट पोशाखाची. हातात जाड चामडी मोजे हवेत. कापडी मोजे केबलच्या वेढ्यात गुंततात आणि हात ओढून नेतात. रबरी मोजे घालावयाचे तर ते चामडी मोज्यांच्या आत. सैल बाह्या, गळ्यातील उपरणे, ओढणी, अंगठी, कडे दूर ठेवावे. डोळ्यांस चष्मा व पायांत रबरी तळाचे बूट असावेत.

आता प्रत्यक्ष काम. केबल किमान एक फूट नळात सरकविल्याशिवाय मोटर सुरू करू नये. केबल धरणारा आणि फूटस्विचवर पाय ठेवणारा माणूस एकच असावा. मी एका ठिकाणी काम पाहावयास गेलो असता फूटस्विचवर वीट ठेवलेली आढळली. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "साहेब, पाय अवघडतो." पाय अवघडतो हे खरे, पण पाय उचलताच मोटर बंद व्हावी, यासाठीच तर तो स्विच आहे. विटेला हात अडकल्याचे कळत नाही.

केबल थोडीथोडी पुढे द्यावी. बाहेर तिला बाक येऊ लागला किंवा हाताखाली ती ताठरली, तर टोक अडकले असे समजावे आणि तत्क्षणी पाय उचलावा. जोर लावू नये. थोडी मागे घेऊन, वेग पूर्ववत आल्यावर पुन्हा हळूहळू पुढे द्यावी. उलटी फिरत केवळ अडकलेले टोक सोडविण्यापुरतीच वापरावी. काम चालू असताना नळात पाणी सोडीत राहावे, म्हणजे निघालेला गाळ वाहून जातो. शेवटी केबल धुऊन, पुसून, मुरगळलेले व तुटू आलेले भाग तपासावेत. तशी केबल दुसऱ्या दिवशी वापरू नये. हात साबणाने धुतल्याशिवाय विडी किंवा भाकरी तोंडाजवळ नेऊ नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. कधी कधी यंत्रही हरते. नळ फुटलेला असतो, दगड अडकलेला असतो, गाळ दगडासारखा घट्ट झालेला असतो. अशा वेळी, "आता एकच मिनिट खाली उतर," असे कोणीतरी म्हणतो. मित्रहो, आपली खरी कसोटी त्याच मिनिटाला असते. तेव्हा काम थांबवावे, झाकण लावावे, वरिष्ठांस कळवावे आणि मोठे जेटिंग व शोषण यंत्र मागवावे. रस्ता आणखी एक दिवस खणावा लागला तरी चालेल.

येथे उपस्थित असलेल्या मुकादमांना व अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, "काम थांबवितो," असे म्हणणाऱ्या कामगाराला कामचुकार समजू नये. त्याने यंत्राचा धडा नीट गिरविला आहे, असे समजावे. नगरे स्वच्छ राहिली पाहिजेत यात शंका नाही. पण ती स्वच्छ करणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी पोहोचला, तरच त्या स्वच्छतेला अर्थ आहे.