तळघरातील चित्रण-कक्ष



जालन्यातील आमच्या घराच्या तळघरात पूर्वी कापडाच्या गाठी असत. त्या हलविल्यावर तेथे घरगुती चित्रण-कक्ष करण्याचे ठरले. पहिले चित्रण मातुःश्रींचे केले. चित्र स्वच्छ आले. परंतु उघड्या भिंतींमुळे आवाज घुमला आणि त्यांचे शब्द हरवले. पुन्हा चित्रण करावयाचे होते. तत्पूर्वीच त्या निवर्तल्या.

मग आम्ही शिकलो. प्रथम भिंतींची ओल थांबविली, कारण दमटपणाने कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरते. भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून जाड, चुणीदार पडदे टांगले व खाली सतरंजी अंथरली. जाड कापड आवाज शोषते, हे आयुष्यभर कापड विकूनही मी ध्यानी घेतले नव्हते! आपली वीज ५० हर्ट्‌झची. म्हणून शटरचा वेग १/५० सेकंद ठेवला, तेव्हा दिव्यांची लुकलुक थांबली.

घरातील स्टुडिओ ही नवी कल्पना नव्हे. १९१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळके यांचे दादरचे घरच कार्यशाळा झाले होते, फिल्मला छिद्रे पाडण्याच्या कामी सरस्वतीबाई झटल्या होत्या.

आपणास माझी एकच विनंती आहे. खोली सजण्याची वाट पाहू नका. गोधड्या टांगा, पंखा बंद करा, दोन वाक्ये चित्रित करून ऐकून पाहा आणि घरातील वडीलधाऱ्यांना आजच बोलते करा. खोली नंतरही सजविता येते. गेलेला आवाज परत येत नाही.