कर्नल फ्रान्सिस गॅब्रेस्की : वीर आणि कुटुंबवत्सल पिता



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं साधुसंतांचीं चरित्रें आपण नेहमींच ऐकतों. आज मी एका संसारी कॅथलिक गृहस्थाचें चरित्र आपणांपुढें ठेवणार आहें. ते जन्मानें अमेरिकन, वंशानें पोलिश आणि पेशानें लढाऊ वैमानिक होते. पोलिश लोक आपणांस अगदींच परके नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत देशोधडीस लागलेल्या हजारों पोलिश स्त्रियांना व मुलांना १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडें येथें आसरा मिळाला होता. ज्या राष्ट्राचे ते निर्वासित, त्याच राष्ट्राच्या वंशांतील हे वीर होत.

फ्रान्सिस गॅब्रेस्की यांचा जन्म २८ जानेवारी १९१९ रोजीं पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील ऑइल सिटी या गांवीं झाला. आईबाप पोलंडांतून अमेरिकेंत आलेले. बापाचें लहानसें किराणा मालाचें दुकान होतें व त्यांत तो दिवसाचे बारा बारा तास राबे. घरांत भाषा पोलिश आणि आचरण कॅथलिक धर्माचें. मुलगा नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठांत गेला खरा, परंतु अभ्यासांत त्याचें फारसें लक्ष लागेना. १९४० सालीं तो वैमानिक होण्यासाठीं सैन्यांत शिरला, तर तेथेंही त्याला अपात्र ठरवून घरीं पाठविण्याची वेळ आली. एका शेवटच्या परीक्षेंत तो कसाबसा उतरला. आपलीं मुलें परीक्षेंत मागें पडलीं म्हणजे जे आईबाप लागलीच निराश होतात, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

७ डिसेंबर १९४१ रोजीं जपानी विमानांनीं पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हां गॅब्रेस्की हवाई बेटांवरच नोकरीस होते. कॅथरिन कॉकरन या तरुणीशीं त्यांचा परिचय तेथेंच झाला आणि पुढें दोघांनीं विवाहाचें वचन दिलें. परंतु युद्धानें त्यांची ताटातूट केली. आईबापांची मातृभूमि शत्रूच्या टांचेखालीं भरडली जात होती. आपणांस पोलिश भाषा येते, तेव्हां इंग्लंडांत लढणाऱ्या पोलिश वैमानिकांत आपणांस धाडावें, अशी विनंती त्यांनीं स्वतः होऊन केली. त्याप्रमाणें ते ३१५ क्रमांकाच्या पोलिश तुकडींत दाखल झाले. त्या कसलेल्या लोकांच्या हाताखालीं ते खरें युद्धकौशल्य शिकले. पुढें अमेरिकन दलांत परत येऊन त्यांनीं ५ जुलै १९४४ पर्यंत शत्रूचीं २८ विमानें हवेंत पाडलीं.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं मी उभा आहें, ती ऐका. २० जुलै १९४४ हा दिवस. गॅब्रेस्कींना स्वदेशीं जाण्याची रजा मिळाली होती. तिकडे लग्नाची तयारी चालली होती. नेणारें विमान यावयाचें होतें. इतक्यांत त्यांना कळलें कीं, आज जर्मनीवर मोहीम निघणार आहे. १६० हून अधिक फेऱ्या झालेल्या. कोणीही त्यांना 'जा' म्हटलें नव्हतें. तरी 'आणखी एकच फेरी' असें म्हणून ते निघाले. परततांना कोब्लेन्झजवळ शत्रूच्या विमानतळावर मारा करतांना ते इतके खालीं उतरले कीं, विमानाचा पंखा जमिनीस घासला. विमान कोसळलें. पांच दिवस ते रानांवनांत लपून राहिले आणि अखेर पकडले गेले. बाल्टिक समुद्रकांठच्या बार्थ येथील छावणींत त्यांना कैद भोगावी लागली. १९४५ च्या मे महिन्याच्या आरंभीं रशियन सैन्य तेथें पोंचलें, तेव्हां त्यांची सुटका झाली.

त्या एका फेरीची किंमत एकट्या त्यांनींच दिली काय? सागरापलीकडे जिनें लग्नाची तयारी मांडली होती, तिनेंही ती दिली. परंतु ती डळमळली नाहीं, आणि तेही दिलेलें वचन विसरले नाहींत. ११ जून १९४५ रोजीं त्यांचा विवाह झाला. देवानें या दांपत्याच्या पदरीं नऊ मुलें घातलीं. त्यांपैकीं दोन मुलगे वायुदलाच्या विद्यालयांतून अधिकारी होऊन बाहेर पडले. एक सून तर पुढें त्याच दलांत लेफ्टनंट जनरल झाली.

कोरियाच्या युद्धांत १९५१-५२ सालीं त्यांनीं आणखी साडेसहा विमानें पाडलीं. अर्धें म्हणजे सोबत्याबरोबर वांटून घेतलेलें यश. अमेरिकेचे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस व सिल्व्हर स्टार, तसेंच पोलंडचें शौर्यपदक हे मान त्यांना लाभले. १९६७ सालीं ते कर्नलच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. नंतर विमानें बांधणाऱ्या ग्रुमन कंपनींत त्यांनीं नोकरी केली आणि १९७८ ते १९८१ पर्यंत लाँग आयलंड रेल्वेचे अध्यक्षपद सांभाळलें. १९९३ सालीं मोटार अपघातांत पत्नीचा अंत झाला; अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार संपला. ३१ जानेवारी २००२ रोजीं वयाच्या ८३ व्या वर्षीं तेही निवर्तले.

बंधूंनो, आपणांपैकीं कोणी विमान चालवीत नाहीं. पण 'आणखी एकच फेरी' हा मोह आपणांसही होतो. आणखी थोडा धंदा, आणखी थोडी मिळकत, आणखी थोडा मान, मग घराकडे पाहूं, असें आपण म्हणतों. आणि घरीं कोणी तरी दिवा लावून वाट पाहत बसतें. शौर्य गॅब्रेस्कींच्या अंगीं उपजतच असेल. पण वचन पाळून नऊ लेंकरांचा संसार तडीस नेण्याचें धैर्य त्यांना रोज नव्यानें मिळवावें लागलें असेल. हें दुसरें धैर्य आपणां सर्वांच्या आवांक्यांतलें आहे. त्याला पदक मिळत नाहीं, म्हणून त्याची थोरवी कमी होत नाहीं.

या ज्युबिलीच्या दिवशीं आपल्या घराघरांत तें धैर्य वाढो, एवढें मागून मी आपली रजा घेतों.