चंदनाचा वारसा

आपल्या देवघरातील सहाणेवर चंदनाचे खोड उगाळले जाते, तेव्हा ते कोणत्या रानातून आले, याचा विचार आपण सहसा करीत नाही. चंदन म्हटले की म्हैसूरचे नाव ओठांवर यावे, एवढी त्या मुलखाची ख्याती. देवपूजा, अत्तरे, सागर-सोरब भागातील गुडिगार कारागिरांचे नाजूक कोरीवकाम, या साऱ्यांना त्याच एका वृक्षाचा आधार आहे. वारसा जतन करावा असे आपण म्हणतो. परंतु तो वापरून उरवावा कसा, हे म्हैसूरच्या चंदनाकडून शिकण्यासारखे आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वी म्हैसूर संस्थान चंदनाचे लाकूड लिलावाने विकीत असे आणि त्याचे तेल निघे ते परदेशी, विशेषेकरून जर्मनीत. १९१४ साली युद्ध पेटले आणि हा व्यापार बसला. त्या वेळी गादीवर चौथे कृष्णराज वडियार होते, तर दिवाणपदी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्यास स्थापत्यशास्त्र शिकलेले आणि खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसविणारे विश्वेश्वरय्या महाराष्ट्राला परके नाहीत. तेल आपल्याच भूमीत काढावयाचे असे ठरले आणि १९१६-१७ च्या सुमारास संस्थानात सरकारी कारखाने उभे राहिले. पाठोपाठ चंदनी साबण आला. पूजेतल्या सुगंधातून लोकांना रोजगार मिळाला. म्हैसूर विद्यापीठाची स्थापनाही १९१६ सालचीच, हा योग ध्यानात घेण्याजोगा आहे.

परंतु श्रोतेहो, या कथेला दुसरी बाजूही आहे. चंदन हा राजवृक्ष मानला गेला. तो शेतकऱ्याच्या बांधावर उगवला तरी मालकी सरकारची! झाड राखण्याचा भार शेतकऱ्यावर आणि धनी मात्र दुसरा. मग आपल्या रानात चंदनाचे रोप कोणी हौसेने वाढवावे? चंदनाचा सुगंधी गाभा भरण्यास अनेक वर्षे लागतात. चोरट्याच्या कुऱ्हाडीला एक रात्र पुरते. रक्षणासाठी केलेल्या कायद्याने वृक्षाला त्याचे खरे रक्षकच मिळू दिले नाहीत आणि राने विरळ होत गेली. अखेर २००१ साली कर्नाटकाने कायदा बदलला आणि जमीनमालकाला आपल्या चंदनावर हक्क मिळाला. त्यानंतर शेतकरी चंदनाच्या लागवडीकडे वळू लागले.

दूरदृष्टीच्या नेतृत्वाने कारखाना उभा राहू शकतो. कारखान्याला पुरेल असे रान मात्र हजारो हातांनीच राखावे लागते. वनस्पतिशास्त्र सांगते की चंदनाची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांतून काही पोषण घेतात. चंदन एकाकी नीट वाढत नाही. राज्यकर्ता, संशोधक, कारागीर आणि शेतकरी यांची मुळे अशीच एकमेकांत गुंतलेली असतील, तरच पुढच्या पिढीच्या सहाणेवर चंदन उरेल.