दुसऱ्या ओळीतली तीन प्यादी

बुद्धिबळाचा पट हाताशी असेल तर मांडून घ्या. नसला तरी अडणार नाही.

पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि काळ्याने उत्तरादाखल वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, की झाला सिसिलियन बचाव. पुढे बहुधा पांढरा वजिरापुढचं प्यादं रेटतो, काळा ते मारतो, पांढऱ्याचा घोडा परत मारतो. प्याद्याला प्यादं, हिशेब मिटला असं वाटतं. पण पांढऱ्याचं गेलं ते मधलं, काळ्याचं बाजूचं. मध्यभागी आता काळ्याची दोन, पांढऱ्याचं एक. सिसिलियनची सगळी मेख इथे आहे.

ती पाहायची तर 1834 सालच्या लंडनमधला एक डाव पाहावा. फ्रान्सचा ला बूर्दोने आणि बेलफास्टचा मॅकडॉनेल त्या वर्षी एकमेकांशी तब्बल 85 डाव खेळले. घड्याळ लावायची पद्धत नव्हती, आणि मॅकडॉनेल विचाराला भरपूर वेळ घेई! यातल्या 62व्या डावात काळी मोहरी ला बूर्दोनेकडे होती.

बाविसाव्या खेळीला त्याने वजीर राजाच्या बाजूला नेला आणि हत्ती उंटाच्या तोंडी सोडून दिला. मॅकडॉनेलने तो घेतला. काळ्याने मात्र त्या उंटाकडे ढुंकूनही न बघता प्याद्याने घोडा मारला. मग काळ्याची तीन प्यादी निघाली. आधी एक पुढे घुसलं, मागून दुसरं, मग तिसरं. छत्तिसाव्या खेळीला ला बूर्दोनेने चक्क वजीर देऊन हत्ती घेतला. पुढच्याच खेळीला तिन्ही प्यादी शेजारी शेजारी आली, तीही कुठे? डावाच्या आरंभी पांढऱ्याची वजीर, राजा आणि राजाकडचा उंट यांच्यापुढची प्यादी जिथे उभी होती, नेमकी त्याच घरांत. मॅकडॉनेलने डाव सोडला. त्याच्याकडे तेव्हा वजीर होता, हत्ती होता. काळ्याकडे या प्याद्यांखेरीज एक हत्ती आणि एक उंट.

संगणक हल्ली या डावात चुका दाखवतो. दाखवू दे. इतकं देखणं शेवटचं चित्र माझ्या पाहण्यात दुसरं नाही. या डावाच्या खेळ्या सहज मिळतात. घरातल्या मुलांना शेवटची स्थिती मांडून द्या, खेळी पांढऱ्याची आहे म्हणावं, आणि वाचवायला सांगा.