दोन साथी, एक कायदा



साथीचा रोग केवळ शरीराची परीक्षा पाहत नाही. शासन आणि समाज यांच्यातील विश्वासाचीही पाहतो. महाराष्ट्राच्या स्मरणात अशा दोन परीक्षा ठळकपणे कोरल्या गेल्या आहेत. एक १८९७ ची, दुसरी २०२० ची. दोन्ही वेळा शासनाच्या हाती कायदा मात्र एकच होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पाठोपाठ ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्याची मूळ कलमे अवघी चार. त्यांतील चौथे सांगते की, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. शासनाला अमर्याद अधिकार मिळाले. नागरिकाच्या हक्कांचा मात्र त्यात उल्लेखही नव्हता.

पुण्यात या अधिकारांचा वापर प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी केला. रुग्ण शोधणे, त्याला वेगळे ठेवणे, घर निर्जंतुक करणे, हे उपाय त्या काळच्या वैद्यकाला धरूनच होते. परंतु ते राबवण्यासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले. माजघर आणि देवघर यांचा विधिनिषेध उरला नाही, सामान रस्त्यावर आले, स्त्रियांच्या तपासणीने लोक संतप्त झाले. परिणामी लोक आजारी माणसे लपवू लागले. रोग उघडकीस आणण्यासाठी योजलेल्या उपायानेच तो घरोघरी दडवला गेला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर जे घडले आणि चापेकर बंधूंनी जी किंमत मोजली, ती मराठी माणसाला सांगावी लागत नाही.

मात्र त्याच इतिहासाची दुसरी बाजू विसरली जाते. लोकमान्य टिळकांनी सोजिरांच्या जुलमावर कोरडे ओढले, पण विलगीकरणाला विरोध केला नाही. शहर सोडून न जाता त्यांनी हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीत पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ रोजी प्लेगला बळी पडल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये सोजिरांवर केलेले गंभीर आरोप सिद्ध करता आले नाहीत, तेव्हा परतल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली. अन्यायाचा प्रतिकार, आजाऱ्याची सेवा आणि बोलण्यातला सत्याग्रह, हे तिन्ही धडे एकाच वर्षाने दिले.

मार्च २०२० मध्ये तोच कायदा पुन्हा लागू झाला. २२ मार्चला जनता संचारबंदी, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी, एप्रिलमध्ये मुंबईत मुखपट्टीची सक्ती. या वेळी नियम परक्यांचे नव्हते. निवडून दिलेल्या शासनांचे होते. दारात सोजीर नव्हता. आशा सेविका होती, आणि तिलाही घरी लेकरे होती. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आरोग्यसेवकांवरील हल्ल्याला पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर इजा झाल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली, ही मात्र समाजाला लाज वाटावी अशीच गोष्ट.

वारीचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. २०२० साली संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटी बसने पंढरीला गेल्या. ज्यांची पायी वाट पिढ्यान्‌पिढ्या चुकली नव्हती, त्यांनी घरच्या उंबरठ्यातून विठ्ठलाला हात जोडले. हा त्याग दंडाच्या भयाने झाला असे म्हणणे वारकऱ्यांवर अन्याय करणारे ठरेल. आपल्या पावलांनी वाटेवरच्या गावात रोग जाऊ नये, ही त्यामागची जाणीव होती. मुखपट्टीचा अर्थही हाच. ती स्वतःइतकीच, किंबहुना अधिक, समोरच्यासाठी होती.

म्हणून शासनाला प्रश्न विचारूच नयेत काय? अवश्य विचारावेत. मे २०२० मध्ये मद्याची दुकाने उघडली आणि देवळांचे दरवाजे मात्र १६ नोव्हेंबरपर्यंत बंद राहिले, तेव्हा सामान्य भाविकाच्या मनात सल राहिला. देवळातील गर्दीचा धोका खरा होता. पण हा क्रम कोणत्या कसोटीवर ठरला, हे त्याला पटेल असे कोणी सांगितले नाही. शेकडो मैल पायी निघालेल्या मजुरांना टाळेबंदीपूर्वी पुरेसा अवधी मिळाला नाही. बापाला खांदा देता आला नाही, हे दुःख अनेक मुले आयुष्यभर वाहतील. नियम सहन होतो. त्यामागचे कारण न सांगणे सहन होत नाही.

२ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातील निर्बंध उठले, मुखपट्टी ऐच्छिक झाली आणि त्या आषाढीला वारी पुन्हा पायी निघाली. हा कायदा अपुरा आहे, असे विधी आयोगानेही २०२४ मध्ये नोंदवले. अधिकार कोणाचे, मुदत किती, दाद कोठे मागायची, हे शांततेच्या काळातच स्पष्ट व्हायला हवे. आग लागल्यावर विहीर खणणे शहाणपणाचे नव्हे.

पुढची साथ कधी येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा शासनाने रँडचा मार्ग टाळावा आणि समाजाने सावित्रीबाईंचा मार्ग धरावा. शासनाने कारण सांगावे, समाजाने शेजाऱ्याचा विचार करावा. एवढे साधले, तर कायद्याचा बडगा फार वेळा उगारावा लागणार नाही.